सूड बेकायदा, मग न्याय कोठे?

नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत १३ ऑगस्ट २००४ रोजी, दिवसाढवळ्या, अक्कू यादव नावाच्या गुंडाला कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने ठार मारले. त्याला जामिनाच्या कामासाठी तेथे आणण्यात आले होते. खंडणी, मारहाण, खून आणि बलात्कार यांच्या जोरावर त्याने या गरीब, बहुसंख्येने दलित असलेल्या वस्तीला वर्षानुवर्षे वेठीस धरले होते. फिर्याद घेऊन जाणाऱ्यांना पोलीसठाण्यातून दाद मिळत नाही, उलट फिर्यादीची बातमीच गुंडापर्यंत पोहोचते, अशी वस्तीतील लोकांची तक्रार होती. पोलिसांनी काही स्त्रियांना अटक केली, तेव्हा आम्ही सर्वजणी जबाबदार आहोत, सर्वांनाच अटक करा, असे सांगत इतर स्त्रिया पुढे आल्या. खटला दहा वर्षे रेंगाळला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

या घटनेला आता वीसहून अधिक वर्षे लोटली आहेत. तथापि तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. ज्याने आपल्यावर अन्याय केला त्याला स्वतःच्या हाताने शिक्षा देण्याचा हक्क अन्यायग्रस्ताला आहे काय? कायद्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. नागपूरच्या आरोपींना सोडतानाही न्यायालयाने ते कृत्य कायदेशीर ठरविले नाही. कोणी काय केले हे सिद्ध झाले नाही, एवढेच ठरले. परंतु केवळ नकार सांगून हा विषय संपत नाही. ज्या वस्त्यांत, कारखान्यांत आणि गावांत पक्षसभासद काम करतात तेथे हा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देताना एकीकडे भाबडी कायदेभक्ती व दुसरीकडे सूडाचा गौरव, अशा दोन्ही चुका संभवतात. म्हणून कायदा नेमके काय म्हणतो आणि तो तसे का म्हणतो, हे प्रथम नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की कायदा माणसाला निमूटपणे मार खायला सांगत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलेला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता मर्यादित नाही. दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा २०१३ च्या दुरुस्तीनंतर अॅसिडहल्ल्याची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतही हा हक्क जातो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा विस्तृत ऊहापोह केला. संकटात सापडलेल्या माणसाने पळून जावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही, आणि त्या क्षणी त्याने वापरलेले बळ सोनाराच्या तराजूत तोलताही येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे.

मात्र या हक्काला दोन सीमा आहेत आणि सूडाचा प्रदेश नेमका त्या सीमांपलीकडे सुरू होतो. पहिली सीमा काळाची. हल्ल्याची भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती संपली की हक्कही संपतो. दुसरी सीमा शासनाच्या साहाय्याची. सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्यास वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असे जुन्या संहितेचे ९९ वे आणि नव्या संहितेचे ३७ वे कलम सांगते. दारात उभ्या असलेल्या हल्लेखोरावर विळा उगारणारी स्त्री निर्दोष आहे. तोच विळा घेऊन दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने आरोपी आहे. जखम तीच, अपराधी तोच. मधल्या एका रात्रीने सारे बदलते. त्या रात्री पोलीसठाण्याचे दार उघडे होते, असे कायदा गृहीत धरतो. सर्व वादाचे मूळ या गृहीतात आहे.

संतापाला कायदा काहीच सवलत देत नाही असेही नाही. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरील ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून वध घडला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा कमी होते, निर्दोषत्व मिळत नाही. ही सवलत कोठपर्यंत जाते हे नानावटी खटल्याने स्पष्ट केले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांनी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. पत्नीची कबुली ऐकल्यानंतर त्यांनी कुटुंबाला सिनेमागृहात पोहोचविले, जहाजावर जाऊन पिस्तूल मिळविले आणि मग ते त्या घरी गेले. मध्ये सुमारे तीन तास गेले होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले; उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. संताप थंड होण्यास पुरेसा अवधी मिळाल्यावर केलेले कृत्य हे प्रक्षोभाचे नसून विचारपूर्वक केलेले कृत्य होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

परंतु इतिहास येथे संपत नाही. वृत्तपत्रांनी उभारलेली सहानुभूतीची लाट, उच्च वर्तुळातील ओळखीपाळखी आणि नौदलातील प्रतिष्ठा यांचे पाठबळ असलेल्या या आरोपीला १९६४ मध्ये राज्यपालांकडून माफी मिळाली. एखाद्या शेतमजुराने किंवा गिरणीकामगाराने असेच कृत्य केले असते, तर त्याच्यासाठी वृत्तपत्रांचे रकाने आणि राजभवनाचे दार असेच उघडले असते काय? सूड सर्वांना सारखाच बेकायदा आहे, पण त्याची किंमत सर्वांकडून सारखी वसूल होत नाही, हा या खटल्याचा दुसरा धडा आहे.

प्रक्षोभ ‘आकस्मिक’च असला पाहिजे, ही अटही निर्दोष नाही. ती प्रामुख्याने बलवानाच्या संतापाकडे पाहून घडलेली आहे. ज्याला आपल्या बाहूंचा भरवसा आहे तो तत्क्षणी उसळतो. जी वर्षानुवर्षे मार खाते तिचा संताप भीतीखाली दबून सावकाश साचत राहतो. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या पतीला पेटविले. प्रथम तिला खुनासाठी जन्मठेप झाली. ब्रिटनमधील आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने हे प्रकरण लावून धरले आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने खुनाची शिक्षा रद्द केली. पुढे २००९ च्या कायद्याने तेथील जुना प्रक्षोभाचा बचावच काढून टाकला; त्याच्या जागी आलेल्या तरतुदीत ताबा सुटणे आकस्मिक असलेच पाहिजे अशी अट नाही. परंतु त्याच कायद्याने एक दार आवर्जून बंद ठेवले: विचारपूर्वक सूड घेण्याच्या इच्छेने कृत्य केले असेल, तर हा बचाव मिळणार नाही. पीडितेच्या साचलेल्या वेदनेला न्यायालयात स्थान द्यायचे आणि तरीही सूडाला मान्यता द्यायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे, हे यावरून दिसते. भारतीय न्याय संहिता २०२३ साली नव्याने लिहिली गेली. तथापि ‘गंभीर आणि आकस्मिक’ ही शब्दरचना तशीच ठेवण्यात आली. ही सुधारणा मागण्यासारखी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. पोलीसठाण्याचे दार प्रत्यक्षात बंद असेल, न्यायालयातही न्याय मिळाला नसेल, तर सूड न्याय्य ठरतो काय? या प्रश्नाची अत्यंत कठोर कसोटी तामिळनाडूतील किळवेणमणी येथे लागली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तंजावर जिल्ह्यातील या गावी चव्वेचाळीस दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. भाताच्या मजुरीत वाढ मागणे आणि लाल बावट्याच्या संघटनेतून बाहेर पडण्यास नकार देणे, हा त्यांचा गुन्हा होता. जमीनमालकांच्या संघटनेचा पुढारी गोपालकृष्ण नायडू याच्यावर खटला चालला; खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोटारगाड्या बाळगणारे श्रीमंत गृहस्थ स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे संभवत नाही, अशा आशयाचा युक्तिवाद त्या निकालात होता. उलट त्याच दिवशीच्या संघर्षात जमीनमालकांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला होता. त्याबद्दल मजुरांना मात्र शिक्षा झाल्या. सुटून आलेल्या नायडूचा डिसेंबर १९८० मध्ये खून करण्यात आला.

त्या खुनाची बातमी ऐकून ज्यांना हायसे वाटले त्यांना दोष देणे सोपे नाही. परंतु हिशेब मांडावयाचा तर तो पुरा मांडला पाहिजे. नायडूच्या मृत्यूने उच्च न्यायालयाचा निकाल बदलला नाही. चव्वेचाळीस जणांच्या मृत्यूला कायद्याच्या दफ्तरात आजही दोषी मारेकरी नाही. त्याच्या मृत्यूने कोणाची मजुरी वाढली नाही किंवा कोणाला जमीन मिळाली नाही. जे थोडेबहुत मिळाले ते दुसऱ्या मार्गाने मिळाले. हत्याकांडानंतर नेमलेल्या चौकशीतून १९६९ साली शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा आला, आणि पुढे त्या भागात भूमिहीन कुटुंबांच्या नावे जमिनी झाल्या त्या संघटित चळवळींच्या रेट्याने. सूडाने एक माणूस नाहीसा केला. ज्या व्यवस्थेने तो माणूस घडविला आणि सोडविला, ती जशीच्या तशी राहिली.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कायद्याने उद्या सूडाचा हक्क मान्य केला, तर तो प्रथम कोणाच्या हाती जाईल? बंदुका, गाड्या, जातीचे संख्याबळ, पैसा आणि ठाणेदाराची मैत्री ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हाती. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची अमानुष हत्या झाली. त्या कुटुंबातील स्त्रियांनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती, आणि जामिनावर सुटलेल्या आरोपींनी आपल्या ‘अपमानाचा’ वचपा काढला. मारणाऱ्यांच्या दृष्टीने तोही सूडच होता. जातीबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींना मारणारे बाप-भाऊ कुळाच्या अब्रूचा सूड घेत असतात. गोवंशाच्या नावाने माणसे ठेचून मारणारे जमावही धर्मावरील अन्यायाचा बदला घेतल्याचेच सांगतात. प्रत्येक बलवान स्वतःला अन्यायग्रस्त समजतो. म्हणूनच ‘ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सूडाचा हक्क’ हे वाक्य ऐकावयास क्रांतिकारक वाटले तरी व्यवहारात ते बळी तो कान पिळी या जुन्या नियमाचे नवे रूप आहे. सूड बेकायदा असणे ही दुर्बळांची गरज आहे. सबळांना त्या बंदीची आवश्यकता कधीच नव्हती.

यासंबंधी देशभक्तांच्या परंपरेचा दाखला पुष्कळदा दिला जातो. तो दाखलाही नीट वाचला पाहिजे. लाला लजपत राय यांच्या मृत्यूचा बदला म्हणून १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस अधिकारी सॉन्डर्स याला मारले. लक्ष्य होता लाठीहल्ल्याचा हुकूम देणारा स्कॉट. मारला गेला दुसराच, आणि पाठलाग करणारा हिंदी शिपाई चननसिंगही प्राणास मुकला. निःस्वार्थ वृत्तीने, मृत्यूची तयारी ठेवून घेतलेल्या सूडातही माणूस चुकतो, कारण सूडाला चौकशी नसते, उलटतपासणी नसते आणि अपीलही नसते. भगतसिंग स्वतः तेथे थांबले नाहीत. फाशीच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहिताना त्यांनी बॉम्बच्या मार्गाची निष्फळता सांगितली आणि कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेकडे बोट दाखविले. त्यांची स्मृती जपणाऱ्यांनी त्यांचा हा शेवटचा निष्कर्षही जपला पाहिजे.

सूडाची भाषा व्यक्तीच्या तोंडी असते तेव्हा ती शोकाची असते. शासनाच्या तोंडी येते तेव्हा ती दडपशाहीची होते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी कोठडीत असताना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी न्यायाने सूडाचे रूप घेतले की तो न्याय राहत नाही, अशा आशयाचा इशारा दिला. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की पोलिसांनी आरोपींना ठार करण्याच्या उद्देशानेच गोळ्या झाडल्या होत्या. मृतांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचेही आयोगाने नमूद केले. हे चौघे गुन्हेगार होते काय, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. पीडितेच्या कुटुंबाला निकाल मिळाला नाही, केवळ चार प्रेते मिळाली. आरोप होताच घरावर बुलडोझर चालविण्याची पद्धतही याच जातीची. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कोणी आरोपी आहे एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही आणि नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत दिल्यावाचून पाडकाम होऊ शकत नाही. एका माणसाच्या कथित गुन्ह्यासाठी त्याच्या म्हाताऱ्या आईचे छप्पर उडविणे हा सूडच होय, मग त्यावर सरकारी शिक्का असो वा नसो. जो जमाव आज अशा सूडाला टाळ्या देतो त्याच्याच वस्तीत उद्या तो बुलडोझर येऊ शकतो.

तेव्हा सूडाला कायदेशीर मान्यता नसावी, या निष्कर्षाबद्दल दुमत असू नये. परंतु तो निष्कर्ष अर्धाच आहे, आणि सत्ताधारी वर्ग नेमका तेवढाच अर्धा भाग जनतेला ऐकवितो. व्यक्तीने सूडाचा हात आवरावा ही एका कराराची एक बाजू आहे. तिच्या बदल्यात शासनाने फिर्याद घ्यावी, तपास करावा, साक्षीदाराला वाचवावे आणि वेळेत निकाल द्यावा, ही दुसरी बाजू. दुसरी बाजू मोडली म्हणून पहिली आपोआप रद्द होत नाही. परंतु ज्या शासनाने आपला शब्द मोडला त्याला अन्यायग्रस्तांसमोर कायद्याची महती गाण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. नागपूरसारख्या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त वस्तीतील स्त्रियाच उभ्या राहतात. ज्यांनी फिर्यादी दडपल्या ते तेथे दिसत नाहीत. त्यांना तेथे आणणे हे खरे काम आहे.

या कामासाठी लढ्यांतून मिळविलेली साधने आज कायद्यात आहेत. ती कागदावर पडून राहतात, कारण ती वापरावयास लावणारी शक्ती वस्तीत संघटित नसते. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम सांगते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदविण्यास नकार देणारा अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीस पात्र ठरतो. तपास कोठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये कायद्याचे बळ दिले आणि नव्या संहितेने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचे बंधन घातले. अनुसूचित जाती-जमातींच्या पीडितांना व साक्षीदारांना २०१५ च्या दुरुस्तीने स्वतंत्र हक्क मिळाले आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत हे हक्क माहीत असलेली माणसे तयार करावीत. एकटी स्त्री ठाण्यात गेली तर तिला परत पाठविणे सोपे असते. तिच्यासोबत पन्नास जणी गेल्या तर अंमलदाराला लेखणी उचलावी लागते. साक्षीदाराला गावात एकटे पडू देऊ नये. जामिनाच्या सुनावणीची तारीख फिर्यादीला कळते की नाही, सरकारी वकील तयारीने उभा राहतो की नाही, निकाल लागेपर्यंत त्या घरची चूल पेटते की नाही, याकडे संघटनेचे लक्ष असले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात वर्षे जातात आणि त्याला सूडासारखे तेज नाही. तथापि किळवेणमणीच्या निकालाने आणि नागपूरच्या दहा वर्षांनी एकच गोष्ट शिकविली आहे: न्यायालयाच्या दारापर्यंत अन्यायग्रस्त एकटा पोहोचतो तेव्हा त्याच्यासमोर सहन करणे किंवा सूड घेणे असे दोनच मार्ग दिसतात. तिसरा मार्ग संघटनेनेच खुला करावयाचा असतो. जेथे संघटना अन्यायग्रस्ताच्या पाठीशी वेळेवर उभी राहत नाही तेथे लोक विळा उचलतात, आणि त्यानंतर त्यांना उपदेश करण्यात काहीच अर्थ नसतो.